ध चा मा ऐकू कसा येणार?

रविवारी सकाळी पोह्यांची ताटली हातात घेऊन नात आजींच्या खाटेवर येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, आनंदीबाई काय डोक्याची होती ग! एका अक्षरात काम केलं."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात? काल रात्री ऐकलं मी. ती समईजवळ बसते, पत्र उलगडते, लेखणी शाईत बुडवते आणि हळूच हसते. मग 'ध'चा 'मा' करते. अंगावर काटा आला माझ्या!"

"हसली, हे कुणी पाहिलं?"

नातीनं पोह्यांत चमचा खुपसला. वर्गात सदतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईंशी वाद घालायचा म्हणजे सोपं काम नव्हे. आत पोळ्या लाटणारी सूनबाई तेवढी हसली. तिला पुढचं ठाऊक होतं. आता अर्धा तास तरी पेशवाई चालणार.

हे घर वडोद्याच्या दांडिया बाजारातलं. घरात मराठी बोलली जाते, दारात गुजराती आणि नातीच्या शाळेत इंग्रजी. आजी निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी एकच गोष्ट ठरवली होती, की आता राहिलेली पुस्तकं वाचायची. भिंतभर कपाट होतं. निम्मी पुस्तकं वाचलेली, निम्मी "पुढे कधीतरी" म्हणून घेऊन ठेवलेली. पण २०१८ मध्ये ओळींच्या मधोमध एक धुरकट ठिपका दिसू लागला. चष्म्याचा नंबर बदलला, पण ठिपका हलेना. डॉक्टरांनी सांगितलं, दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज होते आहे. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. तसंच झालं. आता आजींना भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, तारीख दिसत नाही. माणूस दारात आलेला कळतो, चेहरा कळत नाही. घरात त्या कुणाचाही हात न धरता फिरतात, तांदूळ निवडायला मात्र बसत नाहीत. आणि पुस्तकाचं पान म्हणजे करड्या पाण्यात बुडालेला कागद.

मुलानं फोनमध्ये ध्वनिपुस्तकं लावून दिली, ती त्यानंतर वर्षभरानं. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ मध्ये भारतात आली, तेव्हापासून मराठी पुस्तकं फोनवर ऐकण्याची सोय वाढत गेली होती. पहिले काही दिवस आजींनी फोन उशीखाली ठेवून दिला. त्यांच्या मते पुस्तक वाचून दाखवणं हे आजाऱ्याजवळ करायचं काम, आणि आपण काही आजारी नाही. मग एका रात्री झोप येईना, तेव्हा त्यांनी 'स्वामी' लावलं. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ सालची. त्यांनी ती लग्नाआधी वाचलेली. पहाटे साडेचारला सूनबाई पाण्यासाठी उठली, तर आजी अंधारात बसलेल्या आणि उशीतून माधवराव पेशवे बोलताहेत.

त्या रात्रीपासून आजी रोज ऐकतात. आणि ज्या बाईंनी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, त्या नुसतं ऐकून गप्प बसतील, हे कसं शक्य आहे?

आवाजाला किती अभिनय शोभतो?

आजींचं पहिलं मत असं, की कादंबरी कितीही रंगवून वाचा, पण इतिहास वाचताना आवाजाला लगाम हवा. नातीनं ऐकलेल्या त्या भागाबद्दल (कुणाचं पुस्तक, कुणाचा आवाज, ते आजी सांगत नाहीत, "त्या बिचाऱ्यानं मेहनत केली आहे" म्हणतात) त्यांची तक्रार हीच होती. आनंदीबाईंनी अजून काही केलेलंही नसतं, त्या नुसत्या दालनात येतात, आणि वाचणाऱ्याचा आवाज गोड, कावेबाज होतो. ऐकणाऱ्यानं निकाल तिथंच देऊन टाकला! रामशास्त्री प्रभुणे बोलू लागले की तोच आवाज भरदार. आजी म्हणतात, "छापलेल्या पानावर आनंदीबाई आणि रामशास्त्री एकाच टायपात असतात. कोण खरं, कोण खोटं, ते माझं मी ठरवते. इथं माझ्याआधी दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं."

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. वय अवघं अठरा. रामशास्त्र्यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी ठरवलं. इथवर इतिहास आहे. पण 'धरावे' या शब्दाचं आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, ही गोष्ट परंपरेनं तोंडोतोंडी आली आहे आणि तिला भक्कम समकालीन कागदाचा आधार नाही. वाक्प्रचार मात्र असा रुजला, की आज घरातल्या किराणा सामानाच्या यादीत चूक झाली तरी आपण 'ध चा मा' म्हणतो.

"आणि गंमत बघ," आजींनी त्या रविवारी नातीला विचारलं, "ध चा मा तुला ऐकू कसा आला? तो तर कागदावरचा खेळ. तेव्हाची पत्रं मोडीत लिहीत. धरावे आणि मारावे हे दोन शब्द कानाला एकमेकांच्या जवळपाससुद्धा वाटत नाहीत. ज्या गोष्टीचा सगळा जीव एका लिहिलेल्या अक्षरात, ती ऐकून तुझी खात्री पटली!"

नात म्हणाली, "पण आजी, तो माणूस इतकं खरं वाटेल असं वाचतो!"

"तेच तर म्हणते मी."

आता आजींचं सगळंच मान्य होईल असं नाही. ऐतिहासिक कादंबरी ही शेवटी कादंबरीच. लेखकानं समई लावली, हसू आणलं, तर तो त्याचा हक्कच आहे. आजीही तो नाकारत नाहीत. त्यांना खटकतं ते एवढंच, की डोळ्यांनी वाचताना माणूस थांबतो, मान वर करतो, "असं असेल का?" म्हणतो. आवाज थांबत नाही. तो हाताला धरून पुढे नेतो आणि शंका मागेच राहते. फोनवर थांबवायचं बटण आहे, हे खरं. पण खुनाच्या प्रसंगात ते दाबायचं सुचतं कुणाला?

लढाईच्या प्रसंगात तुतारी, घोड्यांच्या टापा आणि तलवारींचा खणखणाट घालतात, तोही त्यांना नको वाटतो. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतावर कोण कुठल्या बाजूला उभा होता, हे आधीच कानाला झेपत नाही. पुस्तकात माणूस चार पानं मागे जाऊन नाव शोधतो. ऐकताना सरदारांची नावं रेल्वेच्या डब्यांसारखी समोरून निघून जातात, आणि त्यात टापा! आजी अशा वेळी फोन बंद करून नावं पाढ्यासारखी म्हणतात आणि मगच पुढे जातात. नातीला हे कळत नाही. ती सगळं दीडपट वेगानं ऐकते. तिच्या फोनवर माधवराव पेशवे ट्यूशनला उशीर झालेल्या मुलासारखे बोलतात.

जरा आणि जरा

दुसरी तक्रार उच्चारांची, आणि इथं आजी खरोखरच कडक आहेत. मराठीत 'च', 'ज' आणि 'झ' यांचे दोन-दोन उच्चार. चंद्राचा च वेगळा, चोराचा वेगळा. जयचा ज वेगळा, जमिनीचा वेगळा. लिहिताना दोन्ही सारखेच. मराठी कानालाच फरक ठाऊक. जी पुस्तकं कुणी माणसानं वाचलेली मिळत नाहीत, ती फोनमधल्या यंत्राच्या आवाजात ऐकण्याचा प्रयोग आजींनी करून पाहिला. यंत्रानं ययातीची कथा वाचायला घेतली. शुक्राचार्यांनी ययातीला शाप दिला तो म्हातारपणाचा, म्हणजे जरेचा. यंत्रानं 'जरा' हा शब्द 'जरा थांब'मधल्या 'जरा'सारखा उच्चारला. आजी एवढ्या हसल्या की सूनबाई हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. "थोडासाच शाप दिला म्हणते हो ही बाई!"

पण हसून झाल्यावर त्या गप्पही बसल्या. यंत्राला चूक सांगता येत नाही. वर्गात एखाद्या मुलानं चुकीचं वाचलं, की त्या न ओरडता फक्त तो शब्द बरोबर म्हणत, आणि मुलगा परत वाचे. इथं परत म्हटलं तर यंत्र तीच चूक त्याच शांतपणे परत करतं.

मग त्यांना आवडतं तरी काय? पुष्कळ. ज्या पुस्तकांत मुळातच कुणीतरी बोलत असतं, ती पुस्तकं आवाजात उतरली की उजळतात, असं त्या म्हणतात. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. त्या पानांवर बाई समोर बसून गप्पाच मारते. वाचणाऱ्यानं फक्त मध्ये यायचं नाही. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' तसाच. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेला, झाशीचा वेढा आतून पाहिलेला हा वरसईचा भिक्षुक. त्याची हकिकत ऐकताना कान टवकारतात, कारण आपण कुठे होतो, काय खाल्लं, कशाची भीती वाटली, हे तो स्वतः सांगतो. आणि बखरी! कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९७ मध्ये शिवचरित्र लिहिलं. त्या बखरीतली छोटी, तुटक वाक्यं डोळ्यांना रूक्ष वाटतात. मोठ्यानं वाचली, की ती बैठकीत बसून सांगितल्यासारखी ऐकू येतात. आजी म्हणतात, चाळीस वर्षं बखर वाचली, पण तिचा ठेका मला डोळे गेल्यावर कळला.

मृत्युंजयसारख्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापली बाजू मांडतात. अशा ठिकाणी मात्र आजी आपला नियम मोडायला तयार असतात. तिथं अभिनय हवाच, आणि शक्य तर सहा निराळे आवाज. एकाच गळ्यातून कुंती आणि दुर्योधन आले तर ऐकणारा गोंधळेल, असं त्यांचं म्हणणं.

लेखकानं स्वतः वाचलेलं सगळ्यात उत्तम, हे त्या कॅसेटच्या दिवसांपासून मानतात. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या कॅसेट्स या घरात इतक्या वाजल्या, की फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळणं हे मुलाचं ठरलेलं काम होतं. वपुंची कथा पुढे छापील पुस्तकात वाचतानाही आजींना त्यांचाच आवाज ऐकू येई. कॅसेट साठ मिनिटांची नाही तर नव्वद, त्यामुळे मोठी पुस्तकं त्यात मावतच नसत. आज हजार पानांची कादंबरी एका ओळीचीही काटछाट न करता फोनमध्ये मावते, याचं आजींना अजूनही अप्रूप आहे.

वाचून दाखवणारा कारकून

वाचून दाखवणं म्हणजे आजाऱ्याची सोय, हे मत मात्र आजींनी बदललं, आणि ते वडोद्याच्याच एका माणसामुळे. मराठ्यांचा इतिहास 'रियासती'च्या खंडांत लिहिणारे गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत लागले, ते महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणारे 'रीडर' म्हणून. महाराजांना पुस्तक ऐकायला आवडे. पुढे सरदेसाई राजपुत्रांचे शिक्षक झाले, आणि शिकवता शिकवता इतिहासकार झाले. ज्या राजानं १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून राज्यभर फुकट वाचनालयांचं जाळं उभं केलं, तो राजाही पुस्तकं ऐकत होता. आजी नातीला म्हणाल्या, "मग मला लाज कसली?"

तिकडे इंग्लंडमध्ये १९३५ साली बोलक्या पुस्तकांची सेवा सुरू झाली, तीही पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांच्या गरजेतून. ग्रामोफोनच्या तबकड्यांवरची ती पुस्तकं. पहिल्याच काही पुस्तकांत अगाथा ख्रिस्तींची एक रहस्यकथा होती. हे ऐकून आजींना बरं वाटलं. अंध झालेल्या शिपायाला उपदेशाचं पुस्तक न देता खुनाचं रहस्य दिलं, देणारा शहाणा असला पाहिजे, असं त्या म्हणाल्या.

आणि सूनबाई? ती अहमदाबादची, माहेरची गुजराती. लग्नाला वीस वर्षं झाली. मराठी फर्डी बोलते, पण त्या भिंतभर कपाटातलं एकही पुस्तक तिनं कधी उघडलं नव्हतं. आजींनीही आग्रह केला नव्हता, पण मनात एक बारीक खंत होती. आता पोळ्या लाटताना आजींचा फोन ओट्यावर असतो. 'स्वामी' संपायला आलं, तेव्हा गॅस बंद करून ती स्टुलावर बसली. थेऊरला माधवराव गेले, रमाबाई सती निघाल्या, आणि सूनबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आई, हे सगळं तुमच्या कपाटात होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

आजींना यावर काही बोलता आलं नाही. कागदाला जे वीस वर्षांत जमलं नाही ते आवाजानं तीन आठवड्यांत केलं, हे त्या आता येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून सांगतात. आवाजाबद्दलच्या तक्रारी त्यानंतर.

त्या रविवारी वाद मात्र मिटला नव्हता. नात हट्टी आहे, थेट आजींवर गेलेली. दुपारी तिनं कपाटातून पेशवाईवरचं एक जुनं पुस्तक काढलं. देवनागरी तिला हिंदीमुळे येते, पण मराठी ती अडखळत वाचते. नारायणरावांच्या खुनाचं पान सापडलं आणि ती थबकली. समासात पेन्सिलीनं, तिरक्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पुरावा?'

"आजी, हे तू लिहिलंस?"

"असेन. कुठे आहे?"

"आनंदीबाईच्या इथं. आणि पुढच्या पानावर पण आहे. 'हे लेखकाला कुणी सांगितले?' असं."

आजी खुर्चीत सरळ बसल्या. ही पुस्तकं त्यांना परत कधी दिसणार नव्हती, आणि त्यांतलं आपलं लिखाणही गेलंच, असं धरून त्या चालल्या होत्या. पंचविशीतल्या, नुकत्या शाळेत लागलेल्या त्या बाईचे प्रश्न आता चौदा वर्षांची मुलगी मोठ्यानं वाचत होती.

"वाच," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून वाच. समासातलंसुद्धा."

नातीनं फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि वाचायला घेतलं. दर रविवारी दुपारी आता हे चालतं. ते ध्वनिमुद्रण कुठल्याही कंपनीनं हाकलून द्यावं असंच आहे. मागे कुकरच्या शिट्ट्या, खाली भाजीवाल्याची आरोळी. जरीपटक्याचा ज नात 'जय'सारखा म्हणते, आजी फक्त तो शब्द परत म्हणतात, नात पुन्हा वाचते. मजकूर मध्येच तुटतो आणि समासातला प्रश्न येतो. मग आजी तेव्हा असं का लिहिलं ते सांगतात, कधी कधी "हे मी उगाच लिहिलं, लेखकाचं बरोबर होतं" असंही कबूल करतात. एका तासात चार पानं होतात. सूनबाई आठवडाभर तेच ऐकते आणि पुढचा भाग कधी, म्हणून विचारते.

परवा एका पानावर नात अडली. समासात लांबलचक काहीतरी लिहिलेलं, तीन ओळी, पण पेन्सिल पुसट झालेली. तिनं पुस्तक खिडकीशी नेलं, फोनचा दिवा पाडला, फोटो काढून मोठा करून पाहिला. "रघुनाथरावांबद्दल काहीतरी आहे, आजी. 'नाही' एवढं लागतंय. पुढचं कळत नाही."

आजींनी पुस्तक मागून घेतलं. पान चेहऱ्याजवळ नेलं, मान वळवून डोळ्याच्या कडेनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. बोटानं समास चाचपला, जणू पेन्सिलीचा वळ लागेल. ध्वनिमुद्रणात इथं बराच वेळ काहीच ऐकू येत नाही, फक्त पंख्याचा आवाज.

"आठवतंय का काय लिहिलं होतंस?" नातीनं विचारलं.

"नाही ग."

त्यांनी पान अंदाजानं सरळ केलं आणि पुस्तक नातीच्या हातात दिलं.

"पुढे वाच."